सीमाप्रश्नाची पेटी कोणी ठेवलीच नाही

१३ मे २०२३ च्या दुपारी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे फाटकाजवळच्या एका चहाच्या टपरीवर, मोबाइलवर मतमोजणीचे आकडे पाहणाऱ्या घोळक्यात मीही उभा होतो. बेळगाव दक्षिणमध्ये, कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे रमाकांत कोंडुसकर आता पिछाडी भरून काढत नाहीत, हे शेवटच्या फेऱ्यांत स्पष्ट झाले, तेव्हा गळ्यात भगवा पंचा असलेला एक तरुण म्हणाला, "संपलं. सीमाप्रश्न संपला बघ आज." त्याच्या शेजारचा ताडकन उलटला, "पैशानं मतं घेतली की रे! सीमाप्रश्न कसा संपतोय?" चहावाल्याने दोघांच्या हातात पेले दिले आणि वाद तिथे थांबला. बाहेर मात्र तो थांबलेला नाही. बंगळूरच्या वाहिन्यांवर, हुतात्मा दिनाच्या भाषणांत, कोल्हापूर-पुण्याच्या चर्चासत्रांत तो तेव्हापासून तसाच चालू आहे. वाक्ये तेवढी लांब झाली आहेत.

त्या दोघांचे भांडण होते, पण गृहीतक एकच होते. विधानसभेचा निकाल म्हणजे सीमाप्रश्नावरचा कौल, असे दोघेही धरून चालले होते. एकाला तो कौल खरा वाटत होता आणि दुसऱ्याला विकत घेतलेला. माझ्या मते ते गृहीतकच खोटे आहे. कर्नाटक विधानसभेची निवडणूक हे सीमाप्रश्नाचे सार्वमत कधीच नव्हते. ती जिंकून प्रश्न सुटला नाही, म्हणून ती हरून तो मिटतही नाही. हे विधान समितीनिष्ठांना गोड वाटेल, पण त्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना कडू लागणार आहे: हा निकाल सीमाप्रश्नावरचा नसला, तरी समितीवरचा जरूर आहे, आणि तो 'पैसा' आणि 'फितुरी' या दोन शब्दांखाली झाकून ठेवण्याची सवय आता सोडावी लागेल.

आधी निकाल काय लागला ते पाहू. २२४ जागांच्या विधानसभेत २०२३ साली काँग्रेसला १३५, भाजपला ६६ आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाला १९ जागा मिळाल्या. बेळगाव जिल्ह्यातील १८ जागांपैकी ११ काँग्रेसकडे आणि ७ भाजपकडे गेल्या. समितीने बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, खानापूर आणि यमकनमर्डी येथे एकेकच उमेदवार दिला होता. पाचांपैकी एकही निवडून आला नाही. २०१८ मध्येही शून्यच होते. त्याआधी २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून दोन आमदार निवडून आले होते, आणि त्याच्याही आधी, मतदारसंघांच्या फेररचनेत उचगावसारखा मतदारसंघ नाहीसा झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, म्हणजे २००८ मध्ये, पुन्हा शून्य. २००८ साली ज्यांनी समितीचा मृत्युलेख लिहिला होता, त्यांना पाच वर्षांनी तो मागे घ्यावा लागला, एवढे तरी आजच्या मृत्युलेखकांनी ध्यानात ठेवावे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. ते म्हणतात, निवडणुकीला कौल म्हणण्याची सुरुवात तुम्हीच केलीत. हे शंभर टक्के खरे आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर सीमाभागाची मागणी उभी आहे, आणि यांतल्या चौथ्या सूत्राचा पुरावा म्हणून १९५७ पासून समिती आपल्या निवडून आलेल्या आमदारांकडे बोट दाखवत आली. प्रत्येक प्रचारसभेत 'हे मत म्हणजे महाराष्ट्राला मत' असे सांगितले गेले. माझ्या लहानपणी गल्लीतल्या भिंतींवरही याच अर्थाच्या घोषणा रंगवलेल्या असत. जो गज आपण स्वतः हातात धरला, तो आपल्याला अपुरे मोजू लागताच फेकून देता येत नाही. कन्नड बाजूने हे म्हटले तर आपल्याकडे प्रामाणिक उत्तर एकच उरते: होय, आम्ही तसे म्हणालो, आणि ते म्हणणे चूक होते.

पण तो गज आमच्या बाजूने मोजत होता तेव्हा समोरच्यांनी तो कधी मान्य केला होता काय? बेळगावातून समितीची माणसे निवडून येत होती त्याच काळात, सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, आणि १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली, मात्र बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, ठेवले. निवडून दिलेल्या आमदारांचे वजन तेव्हा कोणत्या पारड्यात पडले? पुढे २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने, म्हणजे रीतसर निवडून आलेल्या सभागृहाने, महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. त्याची फळे काय मिळाली, तर महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि महापालिकाच बरखास्त झाली. जिंकलो तर ठराव बेकायदा आणि हरलो तर कौल अंतिम, अशी ही मोजणी आहे. एका बाजूचेच माप लागू होणाऱ्या तराजूला कौल म्हणायचे असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल.

निवडणूक आणि सार्वमत या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे समजायला लांब जायला नको. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. १९६३ च्या डिसेंबरात तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली, आणि महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी घेऊन उभा राहिलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. आपल्याकडच्या तर्काने पाहिले, तर विलीनीकरणाचा निकाल त्याच दिवशी लागला होता. पण गोव्यात प्रश्न वेगळा विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी दोनच चिन्हे. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली, विलीनीकरण हरले. आणि मग? दोनच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोमंतकीय मतदाराने पुन्हा मगो पक्षालाच निवडून दिले, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. 'आम्हाला महाराष्ट्रात जायचे नाही, पण राज्य भाऊंनीच करावे', हे इतके सरळ उत्तर त्या मतदाराला देता आले, कारण त्याच्यासमोर दोन प्रश्नांच्या दोन वेगळ्या पेट्या ठेवल्या गेल्या. विलीनीकरण हरले याचे दुःख करणारे आमच्याकडे आजही आहेत. मला मात्र त्या कौलाचा हेवा वाटतो. सीमाभागातल्या माणसासमोर अशी दुसरी पेटी कोणी ठेवलीच नाही. मग त्याने आमदारकीच्या पेटीत टाकलेल्या चिठ्ठीवरून त्याचे सीमेबद्दलचे मत कसे वाचता येईल?

यावर समितीतले जाणते संयुक्त महाराष्ट्राचा दाखला देतील. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली आणि तीन वर्षांत राज्य मिळाले. मग मतपेटीनेच राज्य दिले की नाही? दिले, पण कसे दिले ते पाहिले पाहिजे. द्विभाषिक मुंबई राज्यात एकूण बहुमत १९५७ लाही काँग्रेसचेच राहिले होते. राज्य मिळाले ते पुढच्या निवडणुकीच्या भीतीने: पश्चिम महाराष्ट्र कायमचा हातातून जाईल, ही धास्ती दिल्लीला बसली. २२४ पैकी चार-पाच जागा जिंकून किंवा हरून बंगळूरला कोणती धास्ती बसणार? राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. विधानसभेचे मत तिथे केवळ विचारले जाते. समितीचे पाचही उमेदवार निवडून आले असते, तरी त्यांच्या पाच हातांनी सीमेचा एक दगड हलला नसता. १९५७ चे हत्यार तेव्हा धारदार होते, कारण ते एका मोठ्या राज्यकर्त्या पक्षाच्या वर्मावर बसत होते.

दुसरा मुद्दा नव्या पिढीचा, आणि तोही हलक्यात काढण्यासारखा नाही. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या खाल्लेल्यांचे स्मारक हिंडलग्यात आहे, पण तिथे माथा टेकवणाऱ्यांत पन्नाशीच्या आतली माणसे कमी दिसतात. पोरे इंग्रजी शाळेत शिकतात, पुण्याला आणि बंगळूरला सारख्याच ओढीने नोकरी शोधतात, आणि मत देताना हिंदुत्व, मोदी, रोजगार हे शब्द त्यांच्या कानांना अधिक ओळखीचे वाटतात. सप्टेंबर २०२१ मध्ये महापालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या; त्यांत मराठी गल्ल्यांची मते नव्हती असे कोण म्हणेल? हे सगळे मान्य. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, सुरेश अंगडी यांच्या निधनामुळे झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत, शुभम शेळके या समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांहून अधिक मते पडली होती, आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसपुढे जिंकल्या त्या अवघ्या ५,२४० मतांनी. एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सीमाभागाचे मन बदलले काय? मला वाटते मन तेच होते, मतदारासमोरचे काम वेगळे होते. पोटनिवडणुकीत कोणीही जिंकले तरी दिल्लीत सरकार बदलणार नव्हते, तेव्हा माणसाने मनातले बोलून घेतले. वॉर्डात नळाचे पाणी आणि गटार होती, तेव्हा त्याने ज्याच्या हाती सत्ता त्याला गाठले. एकाच माणसाने दोन्ही ठिकाणी शहाणपणच केले.

आणि मराठी भावना खरोखर विझली असती, तर बेळगावजवळच्या राजहंसगडावर मार्च २०२३ मध्ये जे घडले ते घडले असते काय? निवडणूक दोन महिन्यांवर असताना गडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते झाले, आणि काही दिवसांतच काँग्रेसने त्याच पुतळ्याचे अनावरण पुन्हा केले. संपलेल्या मतदारासाठी कोणी एका पुतळ्यावरचा पडदा दोनदा काढीत नाही. उलट्या बाजूने पाहायचे, तर महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातली कन्नड भाषिक गावे पहा. पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव त्यांतल्या काहींनी पूर्वी केला होता आणि बोम्मईंनी २०२२ मध्ये तो उकरून काढला. पण तीच गावे महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी महाराष्ट्रातल्या पक्षांना मत देत आली आहेत. त्यांनी त्यामुळे कन्नडपण सोडले, असे बंगळुरात कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आता निकालाच्या त्या कडू अर्ध्याकडे वळतो. समितीच्या पराभवाचे कारण म्हणून पैसा सांगितला जातो. पैसा वाटला जातो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण राष्ट्रीय पक्षांची तिजोरी २०१८ मध्येही भरलेलीच होती, तरी दोन निकालांत फरक का पडला? २०१८ मध्ये समितीचे गट एकमेकांविरुद्ध उभे होते. खानापुरात समितीच्या दोन उमेदवारांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून जास्त भरते. २०२३ मध्ये एक उमेदवार, एक झेंडा असे ठरले, आणि बेळगाव दक्षिणमध्ये समिती दुसऱ्या क्रमांकावर, विजयापासून सुमारे बारा हजार मतांवर येऊन थांबली. पैसा दोन्ही वेळा होता. बदलली ती समिती. जिथे आपल्या हातातल्या गोष्टीने निकाल हलतो, तिथे दुसऱ्याच्या पाकिटाकडे पाहत बसण्यात काय हशील?

एकीनंतरही उरलेल्या अंतराचे कारण मला एका सरकारी कचेरीत दिसले. आईच्या नावावरच्या शेताचा उतारा काढायला मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे येळ्ळूरकडचे एक आजोबा होते, धोतर, डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. उतारा मिळाला तो पूर्ण कन्नडमध्ये. खिडकीतला मुलगा पुढच्या माणसाकडे वळला होता, म्हणून आजोबांनी कागद माझ्यापुढे धरला: "पोरा, ह्यात माझंच नाव हाय काय बघ की जरा." मला कन्नड अक्षरे जेमतेम लागतात. बोट ठेवत ठेवत नाव जुळवले, वडिलांचे नाव जुळवले, आणि क्षेत्राच्या आकड्यापाशी दोघेही थांबलो, कारण तिथे गुंठे पूर्वीपेक्षा कमी दिसत होते आणि ते का, याची नोंद ज्या ओळीत होती ती मला वाचता येईना. आजोबांनी कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला. "मुलगा शनवारी येतोय, त्याला दाखवतो," म्हणाले. त्यांचे मत त्या वर्षी कोणाला पडले मला ठाऊक नाही. पण त्या ओळीसाठी ज्याच्या दारात जाता येईल असा आमदार त्यांनी शोधला असेल, तर त्यात फितुरी कोणती?

मौज अशी की हा प्रश्न समितीच्याच अंगणातला आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे राज्यांनी एकत्र बसून मान्य केलेले सूत्र आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय ३५०-अ अनुच्छेदात आहे आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी ३५०-ब मध्ये. मराठी परिपत्रकांसाठीचे मोर्चे समितीने काढले, निवेदने दिली, हे मी नाकारत नाही. त्यांत लाठ्याही खाल्ल्या गेल्या. पण निवडणुकीच्या व्यासपीठावर हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतो. बळ्ळारी नाल्याच्या पुरात दरवर्षी कुजणारे शहापूर-वडगावचे भात, हलगा-मच्छे बायपासखाली जाणारी तिबार पिकाची जमीन, ओस पडत चाललेल्या मराठी शाळा, पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती, हे सगळे विधानसभेत विचारण्याचे प्रश्न आहेत. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात दर हिवाळ्यात ते सभागृह आपल्या गावात येऊन बसते. आपण त्याच्या बाहेर महामेळावा भरवतो आणि पोलिस परवानगी नाकारतात. महामेळावा भरावाच; पण आत प्रश्न विचारणारे एक तरी तोंड मराठी आणि समितीचे असावे, ही गरज महामेळाव्याने भागत नाही. दरम्यान काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर महिला व बालकल्याण मंत्री झाल्या आणि गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये बेळगाव ग्रामीणमधल्या मराठी घरांतही पोचले. अशा घरातल्या बाईला 'मराठी अस्मिता' ऐकवण्याआधी आपण तिच्यासाठी काय करणार, हे सांगता आले पाहिजे.

समितीतली जुनी, सच्ची माणसे यावर एक आक्षेप घेतात आणि मला तो सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, नाले-गटारांत शिरलो की आपण इतरांसारखेच एक पक्ष होऊ, आणि सीमाप्रश्न विरघळून जाईल. आजवर तो जिवंत राहिला तो आम्ही दर निवडणुकीत त्याच एका प्रश्नावर उभे राहिलो म्हणून. या माणसांनी तुरुंग पाहिलेले आहेत, त्यांच्यापुढे मी आवाज चढवणार नाही. तरीही विचारतो: प्रश्न आज कुठे आहे? महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात, १३१ व्या अनुच्छेदाखाली, सर्वोच्च न्यायालयात. तिथे जनगणनेचे आकडे, १९५६ चा पुनर्रचना कायदा आणि घटनेचा अर्थ यांवर युक्तिवाद होईल. बेळगाव दक्षिणचा निकाल कोणी वाचून दाखवणार नाही. उलट प्रत्येक निवडणुकीला सार्वमत म्हणत राहिलो, तर प्रत्येक पराभवाचे प्रमाणपत्र आपणच आपल्या हाताने समोरच्या वकिलाला देत राहू. लोकेच्छेचा पुरावा हवा असेल तर गावागावांतले ठराव, १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी, शाळांतला पट हे पुरावे आहेत. पडलेल्या उमेदवाराची मते हा त्यांतला सर्वांत कच्चा पुरावा आहे.

आणि ज्या मुंबईच्या भरवशावर हे सगळे चालते, ती तरी या निवडणुकीला सीमेचा कौल मानते काय? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सीमाभागाचा ठराव एकमताने केला. पाच महिन्यांत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बेळगावात भाजपच्या प्रचाराला आले, समितीचे उमेदवार समोर उभे असताना. समितीने निषेध केला, तो योग्यच होता. पण त्यातून निघणारे अनुमान आपण काढत नाही. ठराव करणारे नेते मताला सीमेशी जोडत नसतील, तर वडगावच्या विणकराने किंवा खानापूरच्या दूधवाल्याने ते जोडावे, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरतो?

२०२८ साठी उमेदवार निवडण्याची वेळ येईल तेव्हा नेहमीप्रमाणे अर्ज मागवले जातील, निष्ठा तपासली जाईल, किती वेळा अटक झाली, कुटुंबातले कोण हुतात्मा चौकात होते, हे विचारले जाईल. विचारावे. पण त्याच मुलाखतीत इच्छुकासमोर त्या आजोबांच्यासारखा एक कन्नड उतारा ठेवावा, आणि क्षेत्र कमी का झाले ते शोधून काढायला कोणत्या खिडकीवर, कोणत्या कायद्याने आणि किती दिवसांत जाशील, हे विचारावे. उत्तर येत नसेल तर त्याला पुढच्या खेपेला बोलवावे.